बापूंच्या पिकअपचा पुसट नंबर

गिरणीच्या खिडकीतून बापूंना तिसऱ्यांदा सांगण्यात आलं, "तुमचं नाव रजिस्टरात नाही." बापू म्हणजे माझे वडील. अठरा वर्षं एकाच खात्यात काढलेल्या माणसाचं नाव रजिस्टरात नाही. संप होऊन गेला होता, गिरणी बंद होती, आणि नोकरीचा दाखला मिळाला तर दुसरीकडे कुठेतरी चिकटता येईल एवढीच त्यांची आशा होती. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "तुमच्याकडे कशाची प्रत आहे का?" गिरणीचं ओळखपत्र त्यांनी आधीच जमा केलं होतं. बापू घरी आले, पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "सुजा, प्रत म्हणजे काय गं नेमकं?"

मी तेव्हा अकरावीत होते. म्हटलं, "एकासारखा एक दुसरा कागद. एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे."

"असं असतं होय," म्हणाले.

काळाचौकीच्या चाळीतली आमची एक खोली. बापू शिवडीच्या गोदामात हमालीला लागले. आई त्याच भागात मिरच्या निवडायला जायची. तिने कितीही हात धुतले तरी भाकरीला तिखटाची चव यायची, आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद रडायचा. त्या खोलीत बसून मी बारावी झाले, शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंगला गेले, आणि मेकॅनिकलची पदवी घेऊन बाहेर पडले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठेही मोठ्याने सांगते आणि सांगताना अजिबात लाजत नाही. कारण ड्रॉइंगच्या तासाला लागणारा ट्रेसिंग पेपर माझ्याकडे कुठून येत होता, हे मला माहीत आहे. आई आठवडाभर वाकून मिरच्या निवडायची तेव्हा तो यायचा. उरलेला एकेक तुकडा बापू जपून ठेवायचे. "एवढा पारदर्शक कागद फेकायचा कशाला?" म्हणायचे.

नोकरी लागली ती मोटार सर्व्हेअरची. सर्व्हेअर म्हटलं की लोकांना जमीन मोजणारा वाटतो. आमचं काम वेगळं. गाडीचा अपघात झाला, मालकाने विम्याचा दावा केला, की कंपनी आम्हाला पाठवते. गाडी खरंच कशी ठोकली, किती ठोकली, मालक सांगतो तशीच ठोकली का, हे बघून अहवाल लिहायचा. थोडक्यात, संशय घेण्याची नोकरी. तीसेक वर्षं मी ती केली आणि चांगली केली.

माझ्या पिशवीत चार वस्तू असायच्या. टॉर्च, आरसा, छोटी हातोडी आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. पत्रा खरा असेल तर चुंबक चिकटतं. गंजून भोक पडलेल्या जागी पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर चुंबक घसरून खाली पडतं. चुंबक पडलं की गॅरेजवाला आधी छताकडे बघतो आणि मग चहा मागवतो. मी चहा घेत नसे.

एकदा एकाने सांगितलं, रस्त्यात म्हैस आडवी आली, म्हणून टेम्पो ठोकला. टेम्पोच्या टपावर, माझ्या डोक्याच्याही वर, खोक पडलेली, आणि खोकेत लाल रंगाचे टवके. मी विचारलं, "म्हैस उडत आली होती का?" तो म्हणाला, "मॅडम, उंच जातीची होती." मी म्हटलं, "आणि लाल?" मग मात्र त्याला हसू आलं. उभ्या बसला मागून जाऊन भिडला होता. असे लोक मला आवडायचे. पकडले गेले की हसायचे आणि खरं सांगायचे.

वाईट वाटतं ते अशांचं नाही. वाईट वाटतं सीतारामचं.

तोवर बापू ड्रायव्हिंग शिकले होते, बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यांनी रे रोडच्या एका लाकूड वखारवाल्याकडून जुनी पिकअप विकत घेतली होती. शिवडीच्या गोदामांजवळ तिचा स्टँड. सीताराम त्याच स्टँडवरचा, कोकणातला, बापूंच्याच वयाचा. त्याच्या उभ्या पिकअपला एका ट्रेलरने चेपलं आणि दावा माझ्या टेबलावर आला. नोकरीला मला दहा वर्षं झाली होती. आपली नजर तयार झाली आहे, असं मला वाटायचं.

प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, एक नंबर ठोकलेला असतो. गाडीची खरी ओळख तीच. नंबरप्लेट काय, पाना घेतला की बदलते. चेसिसचा नंबर तपासायला आम्ही त्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. कागदावर नंबर उमटतो, त्याला छाप म्हणतात. विम्याला छाप लागते, आरटीओच्या तपासणीलाही लागते.

सीतारामच्या गाडीची छाप मी घेतली, तर अर्धे आकडे उमटलेच नाहीत. नंबराची जागा घासून गुळगुळीत झालेली. चोरीच्या गाडीचा नंबर असाच कानशीने घासून टाकतात, हे मला शिकवलेलं होतं. मी विचारलं, "हे कुणी घासलं?"

"मीच," सीताराम म्हणाला. "दर दसऱ्याला घासतो. पूजेला गाडी लख्ख नको? आणि तपासणीलाही नंबर साफ लागतो. पॉलिश पेपर मारला की छाप छान येते."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. स्टँडवर सगळेच घासतात. बापूला विचार ना. तुझ्या वडलांना."

माझा एक नियम होता. कामातलं काही घरी विचारायचं नाही. बापू त्याच स्टँडवरचे, म्हणून तर मुळीच नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की मॅडमनी बापाच्या मित्राचं काम केलं. मी लिहिलं, "चेसिस क्रमांकाशी छेडछाड झाल्याचा संशय. मालकाचा खुलासा पटण्यासारखा नाही." दावा नामंजूर झाला. नंबर शंकास्पद ठरल्यावर ती गाडी पुन्हा रस्त्यावर आलीच नाही. सीताराम लोकांच्या गाड्या चालवू लागला.

बापू आठवड्याभराने जेवताना म्हणाले, "सीतारामची गाडी तू बघितलीस म्हणे."

मी म्हटलं, "बापू, त्यावर बोलायचं नाही."

ते बोलले नाहीत. त्यानंतर शेवटपर्यंत कधीच बोलले नाहीत.

आता अलीकडची गोष्ट. बापू जाऊन बरीच वर्षं झाली. पिकअप मिलिंद चालवतो. मध्ये तिला सीएनजी किट बसवलं, म्हणून ती तगली. पण शिवडीची हवा खारी. भरतीला खाडीचं पाणी स्टँडच्या कडेपर्यंत येतं. लोखंडाला तिथे आयुष्य नाही. मागच्या एप्रिलमध्ये गाडी तपासणीत नापास झाली. मागच्या हौद्याचा पत्रा सडलेला, कॅबिनच्या पायऱ्या गेलेल्या, आणि शेऱ्यात शेवटी लिहिलेलं, 'चेसिस क्रमांक अस्पष्ट, पुन्हा दाखवावा'. महिन्याभरात दुरुस्त करून आणा, नाहीतर भंगारात द्या, असं मिलिंदला सांगण्यात आलं.

मिलिंद पंचावन्नचा. त्याला दुसरं काही येत नाही आणि ते तो लपवत नाही. गाडी गेली तर या वयात दुसऱ्याच्या दारात ड्रायव्हर म्हणून उभं राहायचं. मी म्हटलं, "गॅरेजमध्ये टाक, मी बघते." तो म्हणाला, "ताई, तुझं काही नको. मी करीन." घरातली थोरली शिकली की धाकट्याचा मान फार जपावा लागतो. पण त्याने मला नापास झाल्याचा कागद दाखवला होता. त्यावरून त्याला मदत हवी आहे, हे मी समजले.

आणि खरं सांगायचं तर गॅरेज मलाही नकोच होतं. दादरपासून रे रोडपर्यंत कोण पत्र्याच्या जागी पुट्टी भरतं आणि कोण जुना पार्ट रंगवून नवा म्हणून लावतं, हे मला तोंडपाठ. एकही नाव विश्वासाचं निघेना. शेवटी ठरवलं, घरीच करायचं. काळाचौकीला मिलिंद अजून राहतो त्या चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत, मी आणि तो.

ती जागा गणेशोत्सव मंडळाची. मंडळाने अट घातली, जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडपाचे बांबू येतील, त्याआधी गाडी हलली पाहिजे. वेल्डिंगचं मशीनही मंडळाचंच, सजावटीच्या सांगाड्यांसाठी ठेवलेलं. ते त्यांनी आपणहून दिलं.

खालच्या मजल्यावरचे रेडकरकाका खुर्ची टाकून समोर बसले. मालवणचे. वय ऐंशीच्या पुढे, जीभ विशीची.

"गो सुजाता, ह्या गाडयेत गाडी किती नि गंज किती, ता आधी बघ. गंज काढलंस तर खाली काय रवतला?"

"काका, तेच बघतेय."

"बघ, बघ. तुका पगार होतो तेचोच."

मी हातोडी घेतली आणि गाडीभर ठोकत फिरले. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेलं लोखंड ओल्या लाकडासारखं थप्प वाजतं. चेसिस खणखणीत निघाली, मला हायसं वाटलं. हौदा सगळीकडे थप्प. चुंबक फिरवलं तर डाव्या फाळक्यावरून घसरून पायावर पडलं. फाळका म्हणजे हौद्याची खाली पाडता येते ती भिंत.

"मिलिंद, इथे पुट्टी आहे."

"असेल."

"कुणी भरली?"

"ताई, मी काय तुझा गॅरेजवाला आहे का? भरली असेल कधीतरी."

पहिले आठ दिवस आम्ही नुसता गंज काढला. आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा, मग तारेचा ब्रश, मग ग्राइंडर. लाल भुकटी भुवयांत बसायची, नाकात बसायची. सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा. सगळे इथेच चुकतात. कडा थोडी शिल्लक ठेवली की गंज नव्या पत्र्यात शिरतो. मिलिंदला कापायला जिवावर यायचं. "एवढा चांगला आहे गं," म्हणायचा. मी हातोडी मारून दाखवायची. थप्प. मग कापायचा. नवीन पत्रा मी मापून आखून द्यायची, तो वेल्ड करायचा. त्याचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो, हे मला तेव्हाच कळलं. वेल्ड गार झालं की ब्रश मारून लगेच रेड ऑक्साइडचा हात. एक दुपार उघडी ठेवली तरी आमच्या हवेत पत्रा पिवळा पडायला लागतो.

पण माझी नजर वेगळ्याच गोष्टीवर होती. मिलिंद मला गाडीच्या उजव्या बाजूला जाऊ देत नव्हता. डावीकडचं झालं की म्हणायचा, मागचं घेऊ. मागचं झालं की म्हणायचा, पायऱ्या घेऊ. नंबर उजव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या मागे. एक दिवस तो पत्रा आणायला गेला तशी मी सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. टॉर्च मारला. सगळी चेसिस जुनाट, मळकट, आणि बरोब्बर नंबराच्या जागी वीतभर काळाभोर रंग. ताजा. बोट लावलं तर थर जाड, अजून जरा चिकटच.

तीस वर्षांत असा रंग मी कितीतरी वेळा बघितला होता. त्याखाली काय असतं हे मला माहीत होतं.

खाली पडल्या पडल्या माझं डोकं चालू झालं. शेजारच्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट नवे. का? मिलिंदने मध्ये कधी दुसऱ्याच गाडीची चेसिस घातली का? की मुळातच वखारवाल्याने बापूंना चोरीची गाडी दिली होती? बापूंना ते माहीत होतं का? वडिलांबद्दल असा विचार करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. आज लिहिताना त्याचीच लाज वाटते.

मी थिनरचं फडकं घेतलं आणि रंग पुसला. खाली गुळगुळीत लोखंड. पेन्सिलने छाप घेतली. सतरा जागांपैकी पाच आकडे कसेबसे आले. बाकी करडा ढग.

मिलिंद आला तेव्हा मी बाहेर बसले होते. छापेचा कागद त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

त्याने कागद बघितला, पत्रा खाली ठेवला. "पुसलास होय रंग."

"कधी लावलास?"

"तू यायची होतीस त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे माझ्यापासून लपवायला?"

"हो. आरटीओतला साहेब एकदा बघणार आणि सोडून देणार. तू सोडणार नाहीस. साहेबापेक्षा मला तुझी भीती जास्त वाटते, ताई."

"मिलिंद, नंबर कुणी घासला ते सांग."

"बापूंनी."

"बापू कशाला घासतील?"

तो एकदम चिडला. "अगं कशाला म्हणजे? तू होतीस कुठे? तू कॉलेजात, मग नोकरीत, मग लग्न होऊन दादरला. अशोक विजयादशमीला सगळा स्टँड गाड्या धुवायचा. बाकीचे हार घालणार, नारळ फोडणार. आपण बौद्ध, आपण पूजा करत नाही. म्हणून बापूंची गाडी सगळ्यांत चकाचक पाहिजे. 'नारळ फोडत नाही, मग साफसफाईत तरी मागे कसा राहीन,' म्हणायचे. पॉलिश पेपर घेऊन आधी नंबर घासायचे. आणि तपासणीच्या आधी परत. दहा मिनिटं घासायचे! बापू गेल्यावर मीपण घासत आलो. आपल्या घरची रीत म्हणून."

मी थिनरचं फडकं खाली ठेवलं. तो म्हणाला, "आता लिही माझ्यावर अहवाल. सीतारामकाकांवर लिहिलास तसा. खुलासा पटण्यासारखा नाही."

ते वाक्य त्याला शब्दासकट पाठ होतं. म्हणजे त्या काळी ते स्टँडवर सगळ्यांना पाठ असणार. बापूंनाही.

रेडकरकाका खुर्चीतून म्हणाले, "आता कित्याक गप? इतके दिवस गाडयेक विचारलंस, आता भावाक विचारलंस. बापाशीक विचारूचा रवला."

काका सहज टोमणा मारून गेले. मी मात्र मिलिंदला विचारलं, "बापूंचे कागद कुठे आहेत?"

"पेटीत. माळ्यावर. मी काही काढलं नाही त्यातलं."

पत्र्याची पेटी खाली उतरवली. गाडीच्या प्रत्येक कागदाची बापूंनी प्रत ठेवली होती. पावत्या, विम्याच्या पॉलिसी, तपासणीचे दाखले. आणि तळाशी सुतळीने बांधलेली एक चपटी जुडी. पातळ, पिवळसर, कुरकुरीत कागद. हातात घेतल्याबरोबर मी ओळखला. माझा ट्रेसिंग पेपर. इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा. एका तुकड्याच्या कोपऱ्यात माझ्या हातचा अर्धा गिअरसुद्धा होता.

प्रत्येक तुकड्यावर चेसिस नंबराची छाप. खाली बापूंच्या अक्षरात तारीख आणि त्यापुढे नेहमी तेच चार शब्द: 'एक साहेबाला, एक आपल्याला.'

गाडी घेतली त्या वर्षापासून बापू गेले त्या वर्षापर्यंत. एकही वर्ष चुकलेलं नाही. पहिल्या छापेत सतराच्या सतरा अक्षरं-आकडे कोरल्यासारखी. चौथ्या-पाचव्यात शेवटचे दोन फिके. मग मधले. दरवर्षी थोडं थोडं कमी. अख्ख्या जुडीत कुठेही एकदम काही बदललेलं नव्हतं. चोर नंबर घासतो तो एका दिवसात घासतो. हा माणूस वीस वर्षं घासत होता, आणि दरवर्षी त्याची नोंद ठेवत होता.

मी खिडकीच्या काचेवर पहिली छाप धरली. तिच्यावर शेवटची. कागद पारदर्शक, उजेड आरपार. शेवटच्या छापेतले उरलेले आकडे पहिलीतल्या आकड्यांवर तंतोतंत बसले. सातच्या आडव्या रेघेला कारखान्यातच एक बारीक खाच पडली होती. ती प्रत्येक कागदावर त्याच जागी. मग मी गाडीखाली आज घेतलेली छाप वर धरली. सात होता. खाच होती.

मिलिंद मागे उभा होता. "काय निघालं?"

"गाडी आपलीच आहे," मी म्हटलं.

"ते मला माहीत होतं, ताई," तो म्हणाला आणि पत्रा कापायला निघून गेला.

बोल्टांचं मात्र मी नंतर विचारलंच. जुने गंजून तुटले म्हणून त्याने बदलले होते. पेटीत त्याची पावतीही होती. प्रत ठेवायची सवय त्याच्यातही उतरली होती.

बांबू यायला तीन दिवस असताना गाडी उभी राहिली. हौदा नवा, पायऱ्या नव्या, फाळक्यावर चुंबक घट्ट चिकटत होतं. रंग आम्ही ब्रशनेच मारला. जवळून बघितलं तर ब्रशच्या रेघा दिसतात. रेडकरकाका म्हणाले, "बरी दिसता. लांबसून." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

तपासणीला मी बरोबर गेले. निरीक्षक तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने नंबर बघितला, मान हलवली. मी बापूंची जुडी टेबलावर ठेवली आणि समजावून सांगायला लागले. मी कोण होते, तीस वर्षं काय केलं, तेही सांगितलं.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही सर्व्हेअर होतात म्हणता. मग तुम्हीच सांगा. हे सगळे कागद गेल्या आठवड्यात घरी बसून केलेले नाहीत कशावरून?"

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. तो घाबरला होता. मी घाबरले नाही, पण गोंधळले. त्या खुर्चीत मी असते तर हेच विचारलं असतं, याच आवाजात.

मग बापूंचे चार शब्द आठवले. मी म्हटलं, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. या कागदांवरही ठेवू नका. यावर लिहिलंय, एक साहेबाला, एक आपल्याला. आपल्याकडची ही. साहेबाकडची तुमच्या जुन्या फायलीत असेल. ती काढा आणि लावून बघा."

त्याने दोन दिवसांनी बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा टेबलावर धूळ झटकलेली फाइल होती. आत बापूंनी दिलेल्या छापा, त्याच तारखांच्या, त्याच ट्रेसिंग पेपरवर. त्याने स्वतः एकावर एक ठेवून खिडकीशी धरल्या. बराच वेळ बघत राहिला.

"सातला खाच आहे," तो म्हणाला.

"आहे," मी म्हटलं.

"वडील काय करायचे?"

"गिरणीत होते. मग हमाल. मग ही गाडी."

त्याने नंबर पुन्हा ठोकून घेण्याच्या परवानगीचा अर्ज पुढे केला. पुढे चौकशी झाली, आणखी चार सह्या झाल्या, त्यात दोन-तीन आठवडे गेले. मग तोच नंबर जुन्या जागेशेजारी रीतसर ठोकून मिळाला.

मध्ये एकदा मी शिवडीला सीतारामकडे गेले. तो अजून तिथेच, मुलाकडे राहतो. गुडघे गेलेत, डोकं साबूत. मी बापूंची जुडी दाखवली आणि माझं चुकलं म्हणाले. दावा आता उघडत नाही, तेही सांगितलं. त्याने कागद डोळ्यांजवळ नेले.

"बापू मला सांगायचा छाप ठेव म्हणून," तो म्हणाला. "मी म्हणायचो, गाडी माझ्यासमोर उभी आहे, तिची प्रत कशाला ठेवू?" मग कागद परत देत म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं, बापूला विचार. विचारलं असतंस तर त्याच दिवशी कळलं असतं."

"हो."

"बस आता. चहा घे."

मी चहा घेतला. दोनदा घेतला.

पिकअप तपासणीत पास झाली. सोमवारी मिलिंद तिला घेऊन शिवडीच्या स्टँडवर गेला आणि त्याला लाकडाची खेप मिळाली. नंबर सतराच्या सतरा वाचता येतो. यापुढे तो कुणी घासायचा नाही, नुसता फडक्याने पुसायचा, असं आमचं ठरलं आहे. त्या दिवशी आम्ही छाप घेतली. दोन घेतल्या. एक साहेबाला दिली आणि एक बापूंच्या पेटीत ठेवली.